राजशेखरअप्पांची श्रवणभक्ती

लातुरात निवृत्त झालेल्या माणसापुढे दोनच रस्ते असतात. एक तर देवस्थानच्या कमिटीवर जायचं, नाही तर गुडघ्यांच्या डॉक्टरकडे. राजशेखरअप्पा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तेव्हा पहिल्यासाठी त्यांचं नाव घेतलं जात होतं आणि दुसऱ्याची तयारी गुडघ्यांनी आपणहून चालवली होती. अशा माणसाने साठीच्या उंबरठ्यावर गेमिंगचा हेडफोन का घ्यावा, हा प्रश्न गल्लीला पडला. गल्लीला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर गल्लीच देते. अप्पांना ऐकू कमी येतंय आणि लाजेपोटी ते कानाच्या मशीनला हेडफोन म्हणतायत, असं ठरलं. अप्पांनी ते खोडून काढलं नाही, कारण खरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी होती. त्यांना आपल्या पोराशी बोलायचं होतं.

पोरगा म्हणजे वीरेश, एकुलता एक, पुण्यात मोठ्या कंपनीत. अप्पांच्या तोंडी 'वीरेशची कंपनी' हे शब्द असे यायचे की नवख्याला वाटावं, कंपनी वीरेशच्याच मालकीची आहे. त्याचा फोन रोज यायचा, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तो फोन म्हणजे हजेरीपटावरची सही होती. जेवलात का, जेवलो, तू जेवलास का, जेवलो, पाऊस हाय का तिकडं, हाय, बरं, बरं ठेवतो. उन्हाळ्यात पावसाच्या जागी ऊन यायचं, एवढाच काय तो ऋतूंचा फरक.

दिवाळीला तो आला. दोन दिवस राहिला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अप्पा चकलीची ताटली घेऊन त्याच्या खोलीपाशी गेले तर आतून हसण्याचा आवाज. दार लोटून पाहिलं तर वीरेश कानाला भलाथोरला हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढे बसलेला, आणि असा हसत होता की पलंगाची फळी वाजत होती. शाळेत असताना तो असा हसायचा. मधल्या वर्षांत ते हसू कुठे गेलं म्हणून अप्पांनी चौकशी केली नव्हती, कारण ते गेलंय हेच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. वीरेशने एक कान मोकळा केला. "काय अप्पा?" अप्पा म्हणाले, "काही न्हाई. चकली आणली." तो म्हणाला, ठेवा तिथं. आणि कान पुन्हा बंद झाला.

त्या रात्री अप्पांनी हेडक्लार्काच्या बुद्धीने प्रकरणाचा विचार केला आणि निष्कर्ष काढला. पोरगा बोलत नाही असं नाही. पोरगा भरपूर बोलतो. फक्त त्याची खिडकी दुसरीकडे आहे. आपण इतकी वर्षं चुकीच्या खिडकीसमोर रांगेत उभे आहोत.

बरोबर खिडकीचा पत्ता सांगितला वर्षाराणीने. वर्षाराणी ही समोरच्या धोंडप्पांची सून. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि संध्याकाळी पेपर तपासते असं सासऱ्यांना सांगून दार लावून बंदुकीचा खेळ खेळायची. तिचा नवरा वीरेशचा शाळासोबती, त्यामुळे अधूनमधून ती वीरेशच्या टोळक्यातही खेळायला जाई. तिने समजावून सांगितलं की या खेळाला एक गप्पांची खोली असते. मित्र आपापल्या गावातून संध्याकाळी तिथं जमतात. खेळणं निमित्ताला, तास तास बोलणंच चालतं. फक्त त्यासाठी हेडफोन नीट हवा आणि माईक नीट हवा. अप्पांच्या कॉम्प्युटरला जोडलेले साबणाच्या डबीएवढे दोन स्पीकर त्या कामाचे नाहीत.

अप्पांचा बेत तिथल्या तिथे तयार झाला. गुपचूप सामान आणायचं, खेळ शिकायचा, आणि एके दिवशी त्या खोलीत शिरून म्हणायचं, "वीरेश, मी अप्पा." मग पोरगा आनंदाने खुर्चीवरून पडेल. हा प्रसंग त्यांनी मनातल्या मनात इतक्यांदा पाहिला की त्यासाठी लागणारा खर्च त्यांना खर्च वाटेनासा झाला.

आता लातुरात आवाजाच्या बाबतीत कुणाचा सल्ला घ्यायचा, तर साउंड सर्व्हिसवाल्याचा. हा सल्लागार भिंतीला भिंत लावूनच राहत होता. लिंबाजीने आजूबाजूच्या पाच-पन्नास गावांतल्या हळदी वाजवल्या होत्या, आणि आवाज कानाला नसतो, छातीला असतो, हे त्याचं शास्त्र होतं. हेडफोन म्हणजे बाटलीतून नदी पिण्याचा प्रकार, असं म्हणून त्याने हळदीत वाजवायचा स्पीकरचा एक बॉक्स आणि ॲम्प्लिफायर अप्पांच्या बैठकीत आणून जोडून दिला. आधी ट्रायल घ्या, मग बोला, म्हणाला.

ट्रायल घेतली. खेळातली पहिली गोळी सुटली आणि भिंतीवरचं देवाचं कॅलेंडर खाली आलं. शेजारच्या साखराबाई हातात दुधाचं पातेलं घेऊन अंगणात आल्या. दुसरी फैर झडली तेव्हा कोपऱ्यावरचे दोघे धावत येऊन विचारू लागले, कोण निवडून आलं? महापालिकेच्या निवडणुकीचे दिवस होते, त्यांची तरी काय चूक. कुणीच आलं नाही, असं अप्पांनी सांगितल्यावर ते अशा नजरेने परत गेले की जणू अप्पांनीच कुणाला तरी पाडलंय. तिसऱ्या गोळीला घराची लाइट गेली. त्या अंधारात नीलम्माकाकूंनी एक शब्दही न बोलता ताट वाढलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांचा हाच एक दारूगोळा होता, पण तो बॉक्सपेक्षा भारी होता. सकाळी लिंबाजी आपली नदी उचलून घेऊन गेला.

मग धोंडप्पांनी सल्ला दिला, न मागता. कान झाकले की डोकं तापतं. उदगीरला त्यांच्या मावसभावाने असं काहीतरी कानाला लावलं आणि तो पुढे बायकोशीही खुणांनी बोलू लागला. ते ऐकून अप्पांच्या मनात आलं की यात हेडफोनचा दोष कमी असावा. पण शेजार राखायचा म्हणून ते गप्प राहिले, आणि शेजार राखला म्हणून धोंडप्पा त्यांच्याबरोबर दुकानातही आले.

दुकान रामलिंगचं. त्याने पहिलाच प्रश्न मोठा अवघड टाकला. हेडफोन गेमिंगला पाहिजे का गाण्याला? अप्पांना वाटलं होतं, आवाज तो आवाज. तसं नसतं म्हणे. गेमिंगच्या हेडफोनला पायरव लागतो. शत्रू डावीकडून आला का मागून, हे कळलं पाहिजे. गाण्याच्या हेडफोनला गळा लागतो. गाणारा समोर बसलेला वाटला पाहिजे आणि तबला त्याच्या शेजारी. शत्रू मागून येतो हे अप्पांना नवीन होतं. पाटबंधारे खात्यात तो समोरून, अर्ज घेऊन येई. दोन्हीला चालेल असा दे, असं ते म्हणाले तेव्हा रामलिंगने त्यांच्याकडे पाहिलं ते, सरकारी नोकरी पण पाहिजे अन् बागायत पण पाहिजे म्हणणाऱ्या मुलीच्या बापाकडे बघतात तसं.

तरी त्याने एक गाण्याचा लावून दाखवला. अप्पांच्या तरुणपणातलं एक भावगीत सुरू झालं. दोन ओळींच्या मधे गाणाऱ्या बाईने श्वास घेतला आणि तो अप्पांना ऐकू आला. हे गाणं त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं, रेडिओवर, टेपवर, लग्नाच्या मांडवात. त्यात एक माणूस श्वास घेतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दुकानात त्यांना जे वाटलं ते पुढच्या सगळ्या भानगडीतलं एकमेव निर्भेळ सुख म्हणायला हरकत नाही.

नंतर गेमिंगचा लावला. त्यात पाठीमागून पावलं वाजली, अप्पा दचकून मागे वळले, तर खरोखरच धोंडप्पा उभे. झालं, हाच घ्यायचा ठरला. त्याच्या दोन्ही कानांवर लाल-हिरवे दिवे लागत होते. लावल्यावर मला तर ते दिसणार नाहीत, ही अप्पांची रास्त शंका रामलिंगने एका वाक्यात निकालात काढली. लोकांला दिसतेत की, म्हणाला.

आठवड्याच्या आत डावा कान मेला. हेडफोनचा. तेव्हा अप्पा सराव करत होते. सराव म्हणजे खेळात उतरायचं, थोडं चालायचं आणि उंचावरून पडून मरायचं. त्यांना मारायची शत्रूवर कधी वेळच आली नाही. आता शत्रू फक्त उजवीकडूनच येऊ लागले. रामलिंग म्हणाला, गॅरंटी हाय, पण कंपनीचं सर्व्हिस सेंटर नांदेडला.

नांदेड हे नाव ऐकून अप्पांच्या उरलेल्या कानात सणक गेली. विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला, हा वाद ऐन नोकरीत ज्याने चहाच्या टपरीवर हिरिरीने लढवला, त्याला डावा कान मागायला नांदेडच्या दारात जावं लागणं, याला दैव म्हणतात. अहमदपूर, लोहा करत एसटी पोचली. काउंटरवरच्या माणसाने खोका उघडला, गॅरंटी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि परत सरकवलं. दुकानाचा शिक्का नव्हता.

अप्पांनी सांगून पाहिलं की पावती आहे, खोका आहे, मेलेला कानही आहे. तो माणूस शांतपणे म्हणाला, "काका, सगळे शिक्का घेऊनच यायलेत." अप्पांना राग आला नाही. त्यांना आठवण आली. याच शांत आवाजात त्यांनी किती जणांना अर्ज परत केले होते. किनवटपासून आलेली माणसं, उन्हातान्हातली, शिक्का नाही म्हणून त्यांनी उद्या या सांगितलं होतं, आणि तसं सांगताना आपण फार सभ्य आहोत असं त्यांना वाटायचं. परतीच्या एसटीत त्यांना राहून राहून त्याचं वाईट वाटलं. एवढं एक काम नांदेडने केलं.

दुसऱ्या दिवशी येळवस, रानात जाऊन जेवायची वेळा अमावास्या. येळवशीला लातुरात शिक्का मागणं म्हणजे स्मशानात सुतक विचारण्यासारखं. सगळं शहर मिसळभाजीची भज्जी अन् ज्वारीची आंबील घेऊन रानात गेलेलं, रस्त्यावर कुत्रं नाही. अप्पाही काकूंबरोबर मेव्हण्याच्या रानात मुरुडला गेले, पण कार्ड खिशात घालून, कारण रामलिंगचं रान तिथून जवळच होतं. तो झाडाखाली पंगत वाढत होता. शिक्का दुकानात हाय अन् आज दुकान उघडलं तर माय मला घरात घ्यायची न्हाई, बसा, आंबील घ्या, असं म्हणून त्याने अप्पांना पानावर बसवलं. वीरेश या वर्षी आला नव्हता. सुट्टी नाही म्हणाला. अप्पांनी पानावरून त्याला फोन लावला, भज्जी लई झकास झालीय म्हणून सांगितलं. तो बरं म्हणाला. मग अप्पांनी त्याला थंडी विचारली.

शिक्का झाला, नांदेडची दुसरी वारी झाली. तुमचं मॉडेल बंद पडलंय, म्हणून कंपनीने वरचं मॉडेल दिलं. त्याला तोंडापाशी माईकची एक दांडी होती. दांडी वर केली की माईक बंद, खाली केली की चालू. रेल्वे फाटकाच्या उलट, असं अप्पांनी मनाशी ठरवून ठेवलं.

आणि मग एका संध्याकाळी वर्षाराणीने त्यांना त्या खोलीत नेऊन बसवलं. नवीन नाव घेऊन गेलं तर पोरं कोण म्हणून विचारतील, म्हणून तिने स्वतःच्याच 'राणी' या नावाने त्यांना आत सोडलं. ती कधीमधी अशी गप्प बसून असायचीच, कोणाला काही वाटायचं नाही. "आज ऐकून घ्या काका, अन् उद्या सांगून टाका त्याला," ती म्हणाली. अप्पांनी मान डोलावली, दांडी वर केली आणि कान लावले.

काय सांगावं. पोरगा त्यांच्या दोन कानांच्या मधोमध बसला होता. तो श्वास घ्यायचा तेही ऐकू यायचं. चौघे-पाचजण होते, त्यात नांदेडचा सुदर्शन म्हणून एक लई वात्रट होता. वीरेश त्याला शिव्या देत होता, अस्सल लातुरी, ज्या आपल्या घरात कोणी बोलत नाही असं अप्पा समजत होते. तो भाकरी थापायला शिकला होता. त्याला सर्दी झाली होती. घरमालकाच्या मांजराने त्याच्या गादीवर पिल्लं घातली होती आणि तो चार दिवस चटईवर झोपत होता. पाच वर्षांच्या फोनमधे जे कळलं नव्हतं ते अप्पांना एका संध्याकाळी कळलं. ते तिथेच दांडी खाली करून बोलले असते तर ही गोष्ट इथंच आनंदात संपली असती. पण आपण बोललो की हे बोलणं थांबेल, ही धास्ती त्यांना पहिल्याच दिवशी शिवली. आधी खेळ नीट येऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. खेळ काही त्यांना येणार नव्हता. ते त्यांनाही माहीत होतं.

आणि मग चटक लागली. दिवेलागण झाली की अप्पा कानाला दिवे लावून बसायचे. ऐकलेलं पोटात राहीना, म्हणून ते काकूंना सांगायचे, वर्षाराणी म्हणत होती असं म्हणून. काकू फोन करून वीरेशला विचारायच्या, सर्दी कशी हाय रे? वीरेश चकित. त्याला शेंगाच्या चटणीची आठवण झाली की तिसऱ्या दिवशी चटणी पुण्यात. पाठ दुखते म्हणाला की गाठोड्यातून तेल. खोलीत एकदा तो मित्रांना सांगत होता, माझ्या आईला न सांगता कळतं, आईचं काळीज असतंय ते. अप्पा इकडे दांडी वर करून तडफडले. माल त्यांचा, नाव काकूंचं. काकूंचे फोन लांबत चालले, अर्धा अर्धा तास. अप्पांच्या वाट्याला जेवलात का अन् पाऊस हाय का, तेवढंच राहिलं.

वर्षाराणी रोज टोकायची. सांगितलं का काका? अप्पा म्हणायचे, या रविवारी. तिने एकदा सरळ सांगितलं की हे बरं नाही, माझंही नाव त्यात हाय. अप्पांना ते लागलं. बरं नाही हे त्यांना स्वतःलाही दिसत होतं. पण ज्याला इतक्या वर्षांनी पोराचं हसू ऐकायला मिळतंय त्याने ते स्वतःच्या हाताने बंद करावं, ही अपेक्षाही जरा जास्तच होती. निदान अप्पांना त्या दिवसांत तसं वाटायचं.

संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी खोलीत खेळ चाललाच नाही. वीरेश म्हणाला, जरा थांबा, मला तुमच्याकडून एक गोष्ट घटवून घ्यायचीय. शनिवारी घरी जाऊन अप्पांना सांगायचंय. मग त्याने पुन्हा सगळं सांगितलं, मित्रांना ते बहुधा आधीच ठाऊक होतं. त्याने कंपनी सोडली होती. दसऱ्यालाच. आता तो एका छोट्या जागेत काम करत होता, जिथं खेळांसाठी आवाज बनवतात. खडीवरची पावलं, वाळक्या पानातनं जाणारा वारा, दूरचा दरवाजा. पगार निम्मा. पण सकाळी उठावंसं वाटतंय, म्हणाला.

वीरेशच्या कंपनीत वीरेश नाही, हे अप्पांना त्या क्षणी कळलं. गल्लीला काय सांगायचं, धोंडप्पांना काय सांगायचं, हे सगळं मनात येऊन गेलं. पण त्याच्या मागोमाग दुसरंच आलं. पावलांचा आवाज कसा असावा, मागून आला का डावीकडून, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो का नाही, हे सगळ्या लातुरात आता कोणाला कळत असेल तर ते आपल्याला. याच्याशी बोलायला आपल्याजवळ विषय आहे.

सुदर्शन म्हणाला, मी अप्पा होतो, तू बोल. आणि त्याने घसा खाकरून विचारलं, पाऊस हाय का तिकडं? सगळे फुटले. अप्पाही हसले. नक्कल हुबेहूब होती. पण वीरेश हसला नाही. तो म्हणाला, "चेष्टा नको रे. आईला नंतर सांगणार हाय. पहिल्यांदा अप्पांना सांगायचंय. आजवर त्यांना पहिल्यांदा असं मी काहीच सांगितलं न्हाई."

अप्पांचा चष्मा धूसर झाला. तो काढून धोतराच्या सोग्याला, म्हणजे आता लुंगीला, पुसताना त्यांचं मनगट दांडीला लागलं आणि दांडी खाली आली. त्यांना कळलं नाही. तिकडे वीरेशने आवाज नीट केला, घरात पाऊल टाकतोय असं समजून, आणि अगदी हळू म्हणाला, "शरणार्थ, अप्पा."

आता कोणी शरणार्थ म्हटलं, म्हणजे लिंगायतांच्या रीतीने नमस्कार घातला, आणि समोरचा गप्प बसला, असं त्या घराण्यात चार पिढ्यांत झालेलं नव्हतं. दारात वैरी आला तरी आधी शरणार्थ आणि मग भांडण. हा शब्द कानावर पडला की अप्पांचे हात आपोआप जुळायचे आणि तोंड आपोआप उघडायचं, त्यात डोक्याचा काही संबंध नसे. त्यांनी हात जोडले.

"शरणार्थ, बाळा. ये, बस."

सुदर्शन म्हणाला, मी न्हाई बोललो. कोणीतरी विचारलं, राणी? वीरेशचा श्वास थांबल्याचं अप्पांना दोन्ही कानांत स्वच्छ ऐकू आलं. मग तो म्हणाला, "अप्पा?" अप्पांनी घाईने दांडी वर केली. पडद्यावरची नावं एकेक करून गेली. वीरेशचं सगळ्यात शेवटी गेलं, आणि 'राणी' तेवढी उरली.

काकूंना खरं सांगावंच लागलं. त्यांनी हातातलं लाटणं पोळपाटावर ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या काळजाला कळत होतं ते चोरीचं होतं तर." वर्षाराणी दोन दिवस समोरून गेली ती खाली मान घालून. वीरेशने तिला फोन करून काय विचारलं ते तिने सांगितलं नाही. अप्पांनीही विचारलं नाही, आता विचारायचं तोंड उरलं नव्हतं.

वीरेश शनिवारी आला. ठरल्याप्रमाणे आला, हेच अप्पांना फार वाटलं. ते सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बैठकीत बसले होते. टीव्ही उगाच लावून ठेवला होता, अगदी बारीक आवाजात, कारण नुसत्या शांततेची त्यांना भीती वाटत होती. तो वाकून पाया पडला, समोरच्या खुर्चीत बसला. शरणार्थ तो म्हणाला नाही. अप्पांनी मनाशी घोकलेलं सगळं विसरून त्याची माफी मागितली, जशी जमली तशी. तो म्हणाला, असू द्या अप्पा. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"तू सांग," अप्पा म्हणाले. "मी काही ऐकलंच न्हाई असं समज. पहिल्यापासून सांग. मला ऐकायचंय."

वीरेशने प्रयत्न केला. खरोखर केला. पुढे सरकून बसला, हात एकमेकांत गुंतवले. "मी दसऱ्याला..." म्हणाला आणि थांबला. पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा थांबला. मग कसनुसं हसला.

"तुम्हाला सगळं माहीतच हाय, अप्पा. आता मी काय सांगू?"

अप्पांना सांगायचं होतं की खडीवरची पावलं कशी बनवतात ते मला माहीत नाही. वारा कशाचा करता ते माहीत नाही. पण ते विचारणं म्हणजे चोराने मालाची पावती मागण्यासारखं झालं असतं, असं त्यांना वाटलं, आणि ते बसून राहिले. थोड्या वेळाने वीरेश उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

पाणी पिऊन तो परत आला नाही. आतून पाट सरकल्याचा आवाज आला. मग वीरेश बोलू लागला, आधी अडखळत, मग सलग. काकूंना तर सगळं ठाऊक होतं, अप्पांनीच सांगितलेलं. तरी त्या मधेमधे विचारत होत्या, "मग?" आणि थोड्या वेळाने, "अन् मग रे?" आणि तो सांगत होता. एकदा तर तो हसला, दिवाळीत हसला होता तसा.

अप्पांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून. आणखी थोडा वाढवला. तेव्हा आतून काकूंनी हाक मारली, "आवाज कमी करा की ओ. पोरगं काय सांगायलंय ते मला ऐकू येईना."

अप्पांनी टीव्ही बंद केला. उठून बाहेर गेले, आणि ओट्यावर बसायच्या आधी दार ओढून घेतलं.